साष्टीचा ताबा आणि क्रांतिकालीन अमेरिकन विचार

इ. स. १७७३ च्या डिसेंबर महिन्याच्या १६ तारखेस रात्री बोस्टन बंदरात उभ्या असलेल्या जहाजांवरील चहाच्या ३४२ पेट्या तेथील वसाहतवाल्यांनी फोडून समुद्रात टाकल्या. हा माल ईस्ट इंडिया कंपनीचा होता. त्यानंतर सुमारे एका वर्षाने, डिसेंबर १७७४ च्या अखेरच्या आठवड्यात, त्याच कंपनीच्या मुंबईकर फौजेने ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला आणि साष्टी बेट मराठ्यांच्या हातून कायमचे गेले. पहिली घटना अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या प्रास्ताविकात सांगितली जाते, दुसरी पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या. अभ्यासक्रमाच्या सोयीसाठी हे दोन विषय दोन निरनिराळ्या प्रश्नपत्रिकांत घातले जातात आणि विद्यार्थ्याच्या मनात ते पुढे तसेच निरनिराळे राहतात. वास्तविक १७७३ ते १७८३ या दशकात ठाण्याच्या खाडीकाठी जे घडत होते आणि डेलावेअर नदीकाठच्या फिलाडेल्फियात जे लिहिले जात होते, त्या दोहोंच्या मुळाशी पुष्कळ अंशी एकाच व्यापारी संस्थेचे व्यवहार होते. विशेष हे की, या संबंधाची जाणीव तत्कालीन अमेरिकन लेखकांना होती. हिंदुस्थानचा उल्लेख त्यांच्या लेखनात पुनःपुन्हा येतो. तो कशासाठी येतो, कोठे येऊन थांबतो, आणि त्या लेखकांनी मांडलेला विचार पुढे महाराष्ट्रात कोणत्या रूपाने पोचला, हे पाहणे उद्बोधक आहे.

प्रथम त्या संस्थेची तत्कालीन स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाल्यावर कंपनीच्या भागीदारांच्या अपेक्षा वाढल्या. तिचा खजिना मात्र लष्करी खर्चाने आणि नोकरांच्या खाजगी लुटीने रिकामा होत गेला. १७६९-७० च्या बंगालच्या दुष्काळाने महसुलाच्या मुळावरच घाव घातला. १७७२ मध्ये लंडनच्या पेढ्यांवर संकट आले तेव्हा कंपनीची पत बुडण्याच्या बेतास आली. १७७३ मध्ये पार्लमेंटने तिला १४ लक्ष पौंडांचे कर्ज दिले, रेग्युलेटिंग अ‍ॅक्टाने तिच्या कारभारावर नियंत्रण घातले, आणि तिच्या वखारींत पडून राहिलेला चहा खपावा म्हणून तो अमेरिकेत परस्पर विकण्याची सवलत दिली. हे तीनही उपाय एकाच आजारावरचे होत. (बोस्टनच्या खाडीत बुडालेला चहा हिंदुस्थानचा होता असा एक समज आढळतो, तो चुकीचा आहे. तो चीनचा चहा होता. हिंदुस्थानात चहाचे मळे होण्यास अद्याप अर्धशतकाहून अधिक अवकाश होता.)

मुंबईच्या कौन्सिलापुढचा प्रश्न वेगळा दिसला तरी तो याच ओढगस्तीतला होता. मुंबई बेटावर धान्य पिकत नव्हते. तांदूळ, लाकूड, गुरे यांसाठी बेटाला समोरच्या मुलखाकडे पाहावे लागे. आणि बंदराच्या सर्व उत्तर अंगास वेढून असलेली साष्टी १७३७ पासून मराठ्यांकडे होती. त्यापूर्वी जवळजवळ दोनशे वर्षे ती पोर्तुगीजांकडे होती, आणि चिमाजी अप्पाच्या वसई मोहिमेत ती त्यांच्याकडून हस्तगत झाली. साष्टी आणि वसई मिळवावी असा लंडनच्या डायरेक्टरांचा आग्रह पूर्वीपासून होता. १७७२ मध्ये टॉमस मॉस्टिन यास वकील म्हणून पुण्यास पाठविण्यामागे हाच हेतू होता. नारायणरावाच्या खुनानंतर पुण्यात बारभाईंचे कारस्थान उभे राहिले, रघुनाथराव आश्रयासाठी इंग्रजांकडे वळला, आणि वाटाघाटींचा घोळ चालू असतानाच पोर्तुगीज साष्टीवर पुन्हा चाल करणार अशी वार्ता आली. गव्हर्नर हॉर्नबी याने मग थांबणे नाकारले. जनरल गॉर्डन याच्या हाताखाली फौज निघाली. ठाण्याच्या किल्ल्यावरील पहिला हल्ला तेथील शिबंदीने मोठ्या नुकसानीनिशी परतविला. दुसऱ्या हल्ल्यात किल्ला पडला आणि आतल्या बहुतेक लोकांची कत्तल झाली. आरमाराचा अधिकारी कमोडोर वॉटसन या वेढ्यातील जखमेने मेला. ज्या किल्ल्याच्या भिंतींशी हे घडले त्यात पुढे कारागृह झाले, त्यामुळे ठाण्याच्या रहिवाशास तो किल्ला म्हणून आज क्वचितच आठवतो.

मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहाने रघुनाथरावाने साष्टी आणि वसई कंपनीस लिहून दिली. वसई तेव्हा त्याच्या हाती नव्हती, आणि साष्टी तर इंग्रजांनी आधीच घेतलेली होती. म्हणजे एक वस्तू देणाऱ्याजवळ नव्हती व दुसरी घेणाऱ्याने अगोदरच उचललेली होती. रेग्युलेटिंग अ‍ॅक्टान्वये नव्याने वरिष्ठ झालेल्या कलकत्ता कौन्सिलाने या युद्धास अन्याय्य व अनधिकृत ठरविले. तथापि त्या निषेधात साष्टीच्या रयतेविषयी कळवळा शोधू नये. मुंबईने कलकत्त्यास विचारल्याशिवाय युद्ध केले, ही मुख्य तक्रार होती. कर्नल अप्टन याने १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला, त्यात रघुनाथरावाचा पक्ष सोडला. साष्टी मात्र सोडली नाही.

याच महिन्यांत अमेरिकेत कंपनीविषयी काय लिहिले जात होते हे आता पाहावयाचे.

जॉन डिकिन्सन हा फिलाडेल्फियाचा वकील. पेनसिल्व्हेनियातील एका शेतकऱ्याच्या नावाने १७६७-६८ मध्ये त्याने लिहिलेल्या बारा पत्रांनी तो सर्व वसाहतींत प्रसिद्ध झाला होता. नोव्हेंबर १७७३ मध्ये, म्हणजे बोस्टनच्या घटनेपूर्वी अवघे काही दिवस, त्याने 'रस्टिकस' या टोपणनावाने एक पत्रक काढले. चहावरील कराचा मुद्दा त्यात आहेच. परंतु पत्रकाचा खरा जोर कंपनीच्या आशियातील चरित्रावर आहे. या लोकांनी तिकडे युद्धे पेटविली, राजे पदच्युत केले, फायद्यासाठी माणसांचे जीव घेतले. बंगालमध्ये एका वर्षात १५ लक्ष माणसे मेली ती जमीन पिकली नाही म्हणून नव्हे, तर कंपनी व तिच्या नोकरांनी धान्याची कोठारे आवळून भाव चढविले म्हणून. आणि आता तिकडे लुटण्यासारखे उरले नाही तेव्हा यांची दृष्टी अमेरिकेकडे वळली आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे. रात्रीच्या पहारेकऱ्यांनी बाराच्या ठोक्याला कंपनीपासून सावध राहण्याची हाळी द्यावी, अशीही सूचना त्याने केली आहे. डिकिन्सनचा आकडा ऐकीव होता आणि तो स्वतः तसे सूचित करतो. कंपनीच्या नोकरांच्या साठेबाजीची कुजबूज मात्र लंडनच्या वृत्तपत्रांतही होतीच. या ठिकाणी महत्त्वाची गोष्ट ही की, दुष्काळ हा दैवी कोप नसून राज्यपद्धतीचा परिणाम असू शकतो, हा विचार एका अमेरिकन वकिलाने १७७३ मध्ये हिंदुस्थानचे उदाहरण घेऊन मांडला. दादाभाई आणि दत्त यांच्या ग्रंथांना तेव्हा शंभर वर्षांचा अवकाश होता.

तरीही या पत्रकाचा हेतू विसरता येत नाही. बंगालचा शेतकरी त्यात आहे तो इशाऱ्यासाठी. 'त्यांचे जे झाले ते आपले होऊ नये' हा त्यातील भाव; 'त्यांचे होऊ नये' हा नव्हे.

टॉमस पेन याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. बेंजामिन फ्रँकलिनची शिफारसपत्रे घेऊन तो ३० नोव्हेंबर १७७४ च्या सुमारास फिलाडेल्फियास उतरला. आठवडाभर आधी, २२ नोव्हेंबरला, लंडनमध्ये लॉर्ड क्लाइव्ह मरण पावला होता. आणि पेन अमेरिकेच्या भूमीवर आल्यानंतर महिन्याच्या आतच ठाण्याचा किल्ला पडला. रॉबर्ट एटकेन याच्या 'पेनसिल्व्हेनिया मॅगझिन' या मासिकाचे संपादन पेनकडे आले, व मार्च १७७५ च्या अंकात क्लाइव्हच्या जीवनमरणावरील एक चिंतनपर लेख प्रसिद्ध झाला. तो टोपणनावाने आहे, आणि परंपरेने पेनचा मानला जातो. त्यात क्लाइव्हचा उत्कर्ष, पूर्वेकडील लूट, विधवा व पोरक्यांचे आक्रोश, मायदेशी परतल्यावरचे वैभव आणि शेवटी त्याच वैभवातील एकाकी मृत्यू असा क्रम आहे. राजकीय युक्तिवाद त्यात थोडा. नैतिक चित्र अधिक. ज्या महिन्यात हा लेख फिलाडेल्फियात छापला जात होता त्याच महिन्यात सुरतेस रघुनाथराव तहावर शिक्कामोर्तब करीत होता, आणि त्याच महिन्यात एडमंड बर्क लंडनच्या पार्लमेंटात अमेरिकेशी समेट करण्याविषयी आपले प्रसिद्ध भाषण करीत होता.

ऑक्टोबर १७७५ मध्ये 'पेनसिल्व्हेनिया जर्नल' या वृत्तपत्रात 'ह्यूमॅनस' या नावाने एक अगदी आखूड लेख आला. हाही पेनचाच समजला जातो. आकाराने एका स्तंभाचाही नसलेला हा लेख विचाराच्या दृष्टीने त्या दशकातील कित्येक ग्रंथांपेक्षा मोठा आहे. त्यात इंग्लंडच्या तीन पापांची एकत्र मांडणी आहे: हिंदुस्थानातील क्रौर्य, अमेरिकेतील मूळच्या लोकांशी झालेले वर्तन, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील माणसांचा व्यापार. यामुळेच ईश्वर अमेरिकेस ब्रिटनपासून अलग करील, आणि तसे झाल्यावर अमेरिकनांनी कृतज्ञता म्हणून पहिले कृत्य करावे ते गुलामांची आयात बंद करण्याचे, असे लेखक म्हणतो. येथे हिंदुस्थान इशाऱ्यापुरता राहत नाही. अन्यायाची एक मालिका दिसते आणि अमेरिकन वाचकाला सांगितले जाते की, या मालिकेतील एक दुवा तुझ्याही हाती आहे.

परंतु ही दृष्टी टिकली नाही. अवघ्या तीन महिन्यांनी, जानेवारी १७७६ मध्ये, 'कॉमन सेन्स' प्रसिद्ध झाले. अमेरिकन राज्यक्रांतीचे हे सर्वांत प्रभावी पत्रक; त्याची भाषा, त्याची धडाडी, राजसत्तेच्या दैवी अधिकारावरील त्याचा हल्ला यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात आशियाचा उल्लेख शोधणाऱ्याला एक चमत्कारिक गोष्ट आढळते. स्वातंत्र्याला जगातून सर्वत्र हुसकावले गेले आहे, आशिया व आफ्रिका यांनी तर तिला केव्हाच हाकलून दिले, आणि आता अमेरिकेने या परागंदेला आश्रय द्यावा, असा तेथे आशय आहे. ऑक्टोबरच्या लेखातला आशिया अत्याचार सोसणारा होता. जानेवारीच्या पत्रकातला आशिया स्वतःच स्वातंत्र्याला बाहेर काढणारा झाला. अमेरिका हे जगाचे एकमेव आश्रयस्थान ठरवावयाचे तर उरलेले जग अंधारात असणे भाग होते. जानेवारी १७७७ मध्ये 'अमेरिकन क्रायसिस' या मालेच्या दुसऱ्या अंकात पेन पुन्हा हिंदुस्थानच्या रक्ताचा हिशेब अजून चुकता व्हावयाचा असल्याचे ब्रिटनला बजावतो. म्हणजे त्याची सहानुभूती आटली नव्हती. तिला ठरलेली जागा मात्र नव्हती. लढाईच्या गरजेप्रमाणे ती पुढे येई व मागे जाई.

गुलामगिरी या शब्दाविषयी हीच अडचण अधिक तीव्रतेने दिसते. क्रांतिकालीन पत्रके चाळणाऱ्यास हा शब्द पानोपानी भेटतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ असतो लंडनच्या पार्लमेंटने बसविलेला कर. डिकिन्सन याच्या मालकीचे कित्येक गुलाम होते. १७७७ मध्ये त्याने त्यांस सशर्त व १७८६ मध्ये बिनशर्त मुक्त केले, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे, कारण त्याच्यापेक्षा मोठी नावे तेवढेही करू शकली नाहीत. जेफर्सनच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यातील गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा परिच्छेद काँग्रेसने काढून टाकला. हा विरोध सर्वांत नेमकेपणाने सांगितला तो एका स्त्रीने. फिलिस व्हीटली ही बालपणी आफ्रिकेतून धरून आणलेली व १७६१ मध्ये बोस्टनला विकली गेलेली मुलगी. तिचा काव्यसंग्रह १७७३ मध्ये लंडनला छापला गेला आणि त्यानंतर ती मुक्त झाली. १७७४ मध्ये सॅमसन ऑकम या मूळ अमेरिकन धर्मोपदेशकास लिहिलेल्या व वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेल्या पत्रात, स्वातंत्र्याची ओढ प्रत्येक मानवी हृदयात उपजत असते असे सांगून, स्वातंत्र्याचा घोष आणि इतरांवरील सत्ता एकत्र कशी नांदते असा प्रश्न तिने सौम्य शब्दांत विचारला आहे. ज्या मासिकात क्लाइव्हवरील लेख आला होता त्याच मासिकात एप्रिल १७७६ मध्ये तिची वॉशिंग्टनवरील कविता छापली गेली. क्रांतिकालीन अमेरिकन वाङ्मयाचा अभ्यास जाहीरनामा आणि 'फेडरलिस्ट' यांच्यापाशीच संपविणाऱ्याच्या नजरेतून हा भाग निसटतो.

इकडे अमेरिकन युद्ध कोकणात प्रत्यक्षच येऊन पोचले होते. १७७७ मध्ये सेंट ल्यूबिन नावाचा फ्रेंच मनुष्य पुण्यास आला आणि नाना फडणिसाने त्याचा सत्कार केला. त्याच्या अधिकाराविषयी शंका घेण्यास जागा होती, पण मुंबईकरांना भीती पडण्यास तो पुरेसा होता. फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने अमेरिकेशी मैत्रीचा तह केला व लवकरच इंग्रज-फ्रेंच युद्ध सुरू झाले. पुणे दरबार फ्रेंचांना पश्चिम किनाऱ्यावर बंदर देईल या धास्तीचा उपयोग करून मुंबई कौन्सिलाने रघुनाथरावाला पुन्हा उभे केले, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मानहानीचा करार करून घेतला. त्या करारात साष्टी परत करण्याचे कलम होते. इंग्रजांनी तो करारच मानला नाही.

१७८० चे वर्ष ठाणे-कल्याणच्या पट्ट्याला, ज्यात आजची डोंबिवलीही येते, फार जड गेले. इंग्रजांनी कल्याण घेतले. मे महिन्यात मराठ्यांनी त्यास वेढा घातला. हार्टली याने येऊन तो उठविला. मलंगगडाखाली अनेक महिने झुंज चालली. डिसेंबरात वसई इंग्रजांस मिळाली, आणि त्याच दिवसांत वज्रेश्वरीनजीक दुगाडच्या लढाईत रामचंद्र गणेश हा मराठा सरदार पडला. याच वर्षी हैदरअली कर्नाटकात उतरला होता, आणि पुणे दरबार, निजाम व हैदर यांची इंग्रजांविरुद्ध युती झाली होती. या युतीची बातमी अटलांटिकपलीकडे गेली. पेनसिल्व्हेनियाच्या व्यापाऱ्यांनी डेलावेअर उपसागराच्या रक्षणासाठी जे जहाज सज्ज केले त्याचे नाव 'हैदर अली' होते. एप्रिल १७८२ मध्ये जोशुआ बार्नी याने याच जहाजातून 'जनरल मंक' हे अधिक बळकट ब्रिटिश जहाज जिंकले. फिलिप फ्रेनो याने या प्रसंगावर कविता केल्या. त्यांत हा पौर्वात्य राजा स्वातंत्र्याच्या ज्योतीने प्रेरित होऊन देशाच्या अन्यायाचा सूड घेणारा म्हणून दाखविला आहे.

या ठिकाणी सावधगिरी हवी. समान शत्रू म्हणजे समान ध्येय नव्हे. हैदर फ्रेनोच्या कल्पनेतला स्वातंत्र्यवीर नव्हता, आणि नाना फडणीस जेफर्सन नव्हता. पुणे दरबार लढत होता तो पेशव्याच्या गादीचा वारस, मुलूख आणि महसूल यांसाठी. मनुष्य म्हणून जन्मास आलेल्या प्रत्येकाचे काही उपजत हक्क असतात, ही कल्पना त्या झगड्यात कोणत्याही बाजूला नव्हती. ठाण्यातील कोळी, आगरी, वारली यांच्या दृष्टीने किल्ल्यावरचे निशाण बदलणे म्हणजे वसूल करणारा बदलणे, असेच पुष्कळ अंशी असावे. 'अमेरिका व महाराष्ट्र एकाच वेळी एकाच शत्रूशी लढले' हे वाक्य ऐकावयास गोड आहे. इतिहास म्हणून ते अर्धवट आहे.

१७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने कल्याण व वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी कंपनीकडे राहिली. पुढील वर्षी पॅरिसच्या तहाने अमेरिका स्वतंत्र झाली. एक साम्राज्य पश्चिमेकडे मोडत असता पूर्वेकडे घट्ट होत होते, व त्या दोहोंत सेवा करणारी माणसेही तीच होती. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली तो कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यास आला. स्वातंत्र्य मिळाल्यावर अमेरिकन लेखकांच्या लेखनातून कंपनीच्या अत्याचाराचा विषय जवळजवळ नाहीसा झाला. अमेरिकन जहाजे आता स्वतःच हिंदुस्थानच्या बंदरांत माल भरू लागली होती. हिंदुस्थानची बाजू बोलून दाखविण्याचे काम उरले ते बर्ककडे. डिसेंबर १७८३ च्या भाषणात कंपनीने मराठ्यांचे राज्य रघुनाथरावास, मग रघुनाथराव पेशव्यास, आणि मग दोघेही नागपूरकरास कसे विकावयास काढले हे त्याने विलक्षण उपरोधाने वर्णिले आहे. त्याच बर्कने १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर हल्ला केला, आणि त्याला उत्तर म्हणून पेनने 'राइट्स ऑफ मॅन' लिहिले. हिंदुस्थानचा कैवारी एका बाजूस, मानवी हक्कांचा पुरस्कर्ता दुसऱ्या बाजूस, अशी ही विचित्र विभागणी होय.

ठाण्यास अमेरिकन माणूस प्रथम राहावयास आला तो पेनचा वारसा घेऊन नव्हे. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस उतरले, आणि इंग्लंड-अमेरिका यांच्यात तेव्हा युद्ध चालू असल्याने त्यांस परत पाठविण्याचा घाट घातला गेला होता; गव्हर्नर नेपियनच्या कृपेने ते राहिले. १८१८ मध्ये आलेला जॉन निकल्स हा मिशनरी ठाण्यास ठेवण्यात आला. १८२४ मध्ये त्याचे निधन झाले. ही मंडळी न्यू इंग्लंडमधील धार्मिक पुनरुज्जीवनाच्या लाटेतून आलेली होती. 'एज ऑफ रीझन' या ग्रंथात बायबलच्या प्रामाण्यावर प्रहार केल्यामुळे पेन हे नाव त्यांच्या लेखी पाखंडाचे प्रतीक बनले होते. १८०९ मध्ये तो न्यूयॉर्कला मेला तेव्हा अंत्ययात्रेला मोजकीच माणसे होती. म्हणून स्वतंत्र अमेरिकेचा ठाण्याशी आलेला पहिला निकट संबंध राज्यक्रांतीच्या धर्मविषयक विचाराला विरोध करणाऱ्यांचा होता. पेनचे ग्रंथ मात्र थांबले नाहीत. १८३० च्या सुमारास अमेरिकेतून ते मोठ्या संख्येने कलकत्त्यास आल्याची तक्रार अलेक्झांडर डफ या स्कॉटिश मिशनऱ्यानेच लिहून ठेवली आहे.

पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी १८४७ च्या सुमारास 'राइट्स ऑफ मॅन' वाचले. सदाशिव बल्लाळ गोवंडे प्रभृती मित्रांसह शिवाजी व वॉशिंग्टन यांची चरित्रे ते वाचीत असत, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. याच सुमारास, १८४८ पासून, 'प्रभाकर' पत्रात लोकहितवादींची शतपत्रे येऊ लागली. त्यांत अमेरिकेचा दाखला येतो तो राजकीय भवितव्यासाठी: लोक शहाणे झाले, आणि राज्यकर्ते जाचक झाले, तर अमेरिकेत झाले तसे येथेही होईल. म्हणजे लोकहितवादींनी १७७६ ची अमेरिका घेतली. फुल्यांनी निराळी घेतली. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी संयुक्त संस्थानांतील सज्जन लोकांस अर्पण केला, आणि अर्पणपत्रिकेत कारण दिले ते ब्रिटिशांना हाकलल्याचे नव्हे, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी केलेल्या त्यागाचे. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून शूद्र बंधूंना मुक्त करावे, ही अपेक्षा त्यात आहे. पेनने 'राइट्स ऑफ मॅन'चा पहिला भाग जॉर्ज वॉशिंग्टनला अर्पण केला होता. वॉशिंग्टन गुलामांचा मालक होता. फुल्यांची अर्पणपत्रिका ज्यांस उद्देशून आहे ते १८६५ मध्ये गुलामगिरी घटनेने नष्ट करणारे लोक होत. पेनचा विचार घेताना पेनच्या काळातील अमेरिकेचे प्रमाणपत्र फुल्यांनी घेतले नाही, ही गोष्ट त्यांच्या वाचनाची स्वतंत्रता दाखविते.

'गुलामगिरी' या शब्दाचाही प्रवास येथे पूर्ण उलट झाला. फिलाडेल्फियाच्या पत्रकांत तो परकीय सत्तेविरुद्ध वापरलेली उपमा होता आणि घरातील वस्तुस्थितीवर पडदा घालीत होता. फुल्यांनी तो घरातील वस्तुस्थितीलाच लावला, आणि त्या नादात परकीय सत्तेकडे पुष्कळशा सौम्यपणे पाहिले. पेशवाई बुडाली हे त्यांच्या हिशेबी स्वातंत्र्य गमावणे नव्हते. या भूमिकेवर टीका होत आली आहे, व कंपनीच्या लुटीचे जे चित्र डिकिन्सनने रेखाटले ते समोर ठेवल्यास ती टीका सर्वस्वी निराधार ठरत नाही. तथापि 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात गोऱ्या अधिकाऱ्यांचा ऐषआराम व सारावाढ यांवर फुल्यांनी जे कोरडे ओढले आहेत तेही त्याच पारड्यात घातले पाहिजेत. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' या ग्रंथात निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांस जन्मतः स्वतंत्र व हक्कांचा उपभोग घेण्यास पात्र केले आहे, हे तत्त्व येते. ईश्वर आहे पण त्याचा दलाल नाही, ही पेनची धर्मविषयक भूमिका आणि हे तत्त्व यांचे नाते उघड आहे. स्त्रियांचा उल्लेख मात्र पेनच्या ग्रंथातून आलेला नाही; तो फुल्यांचा आहे.

सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली. त्याच्या अग्रणींपैकी एक, नारायण मेघाजी लोखंडे, यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यास झाला, आणि त्यांचे शिक्षणही तेथेच झाले. ठाणे तेव्हा सत्तर वर्षांहून अधिक काळ इंग्रजी अमलात होते, आणि लोखंडे पाच वर्षांचे असताना मुंबईहून पहिली आगगाडी ठाण्यास आली. त्यांनी काही काळ रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी केली, पुढे मुंबईच्या एका गिरणीत भांडारपाल म्हणून काम केले. तेथे गिरणी कामगारांचे जिणे त्यांनी जवळून पाहिले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यास काढलेले 'दीनबंधु' पत्र १८८० मध्ये लोखंड्यांकडे मुंबईस आले. सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून त्यांनी सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनाकडे धाडला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत वेतन, आणि यंत्रात जखमी झालेल्यास भरपाई, अशा त्यातील मागण्या होत्या. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मान्य झाली.